मेडिकल बदललं त्याला आठ महिने झाले

फेब्रुवारीत आम्ही मेडिकल बदललं. कारण काही थोर नव्हतं. आधीच्या दुकानासमोर गाडी लावायला जागा मिळायची नाही, आणि मधे मोबाइलवरून औषधं मागवून पाहिली तर एकदा बाबांचं इन्शुलिन चक्क कोमट होऊन घरी आलं. म्हणून कोल्हापुरात मिरजकर तिकटीपासून चालत पाच मिनिटांवरचं, गल्लीच्या तोंडाचं हे छोटं दुकान धरलं. नाव लिहीत नाही. पुढे तक्रारीही आहेत आणि मॅडम रोज समोर भेटतात.

घरची यादी अशी: आईला थायरॉइड, बीपी आणि गुडघे, बाबांना वीस वर्षांची शुगर. शिवाय गारगोटीचे मामा, ते दम्याच्या तपासणीला येतात तेव्हा मुक्काम आमच्याकडेच.

पहिल्या दिवशी चिठ्ठी पुढे केली तर मॅडमनी (मालकीण त्याच, फार्मासिस्टही त्याच) आधी विचारलं, "अजून काय काय चालू आहे?" मी म्हटलं, एवढंच. "घरातली औषधाची पिशवी घेऊन या. सगळी." मला वाटलं, खप वाढवायची युक्ती. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेलो, पिशवी काउंटरवर उलटी केली आणि माझीच मला लाज वाटली. मुदत संपलेले डोळ्याचे थेंब, अर्धवट सोडलेला अँटिबायोटिकचा कोर्स, आणि दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी लिहिलेली पित्ताची गोळी. आतलं औषध एकच, आई दोन्ही घेत होती. त्यातली एक बंद करायची का, हे मॅडमनी स्वतः सांगितलं नाही. दोन्ही नावं एका कागदावर लिहून दिली आणि डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या.

खरी गोष्ट पुढे. आईची टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वर्षभर खाली येत नव्हती, डोस दोनदा वाढला होता. मॅडमनी विचारलं, थायरॉइडची गोळी कधी घेता? आई म्हणाली, सकाळी उठल्या उठल्या, चहाबरोबर, कॅल्शियमची गोळीही तेव्हाच, म्हणजे विसरायला होत नाही. तिथेच घोळ होता. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाष्टा अर्ध्या ते एक तासानं. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मधे चार तास जाऊ द्यायचे, नाहीतर थायरॉइडचं औषध अंगात नीट शोषलंच जात नाही. कॅल्शियम रात्रीच्या जेवणावर गेलं. दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा केली, ती आवाक्यात आली होती, आणि डॉक्टरांनी डोस वाढवण्याऐवजी एक पायरी खाली आणला. एवढी चौकशी वर्षभरात कुणीच केली नव्हती, मीसुद्धा नाही.

मामांचा किस्सा घरात अजून चालतो. त्यांना ओढायच्या औषधाच्या कॅप्सूल दिल्या होत्या, यंत्रात घालून श्वासाबरोबर घ्यायच्या. मामा महिनाभर त्या पाण्याबरोबर गिळत होते आणि "ह्या डॉक्टरला काय कळतंय" म्हणत होते. मॅडमनी त्यांना स्टुलावर बसवून रिकाम्या यंत्रावर चार वेळा करून घेतलं: आधी श्वास पूर्ण बाहेर, मग तोंडात धरून जोरात आत, दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा, शेवटी चूळ भरायची. चूळ का, तर त्यात स्टेरॉइड असतं, तोंडात बुरशी धरते. मागे सहा गिऱ्हाइकं उभी होती, त्यातल्या एकानं घड्याळ दाखवलं. मॅडमनी बघितलंच नाही.

बीपी तपासायचे वीस रुपये घेतात. सुरुवातीला मला हे लुबाडणंच वाटलं. पण इथे आल्या आल्या पट्टा गुंडाळत नाहीत. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसवतात, चहा नुकताच झाला असेल तर अर्ध्या तासानं या म्हणतात, आणि आकडा वहीत लिहून तारखेसकट कागद देतात. आईचं आल्या आल्या मोजलेलं आणि बसून मोजलेलं यात एकदा अठराचा फरक निघाला. बाबांच्या बाबतीत मात्र दुकान कमी पडलं. त्यांचा दंड तालमीतला, अजून शाबूत आहे, आणि दुकानात पट्टा एकच, नेहमीच्या मापाचा. लहान पट्ट्यानं आकडा फुगतो हे मॅडमना माहीत होतं, तरी मोठा पट्टा यायला दोन महिने लागले, तोही मी चार वेळा आठवण केल्यावर.

आता मोठी तक्रार. दुपारी दोन ते साडेचार मॅडम घरी जातात आणि काउंटरवर पोऱ्या असतो. पोरगं गुणी आहे, पण फार्मासिस्ट नाही, आणि 1948 च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध देणं हे नोंदणी झालेल्या फार्मासिस्टचंच काम. जूनमध्ये त्यानं बाबांची शुगरची गोळी 500 ऐवजी 1000 ची दिली. आकार बघून आईच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. संध्याकाळी मॅडमनी माफी मागितली, गोळ्या बदलल्या, आणि आता दुपारी फक्त डायपर, ग्लुकोज असलं विकतात, चिठ्ठी घेत नाहीत. हे आधीच व्हायला हवं होतं. तेव्हापासून मी कुठल्याही दुकानात स्ट्रिपवरचं नाव, ताकद आणि मुदत तिथेच वाचतो. स्ट्रिप कापून घेतली तर मुदत छापलेला तुकडा आपल्याकडे ठेवायला सांगतो, आणि बॅच नंबर असलेलं पक्कं बिल मागतो.

पैशाचं थोडक्यात. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर दुकानदाराला मनानं दुसरी कंपनी देता येत नाही. मॅडमनी ते सांगितलं, आम्ही डॉक्टरांना विचारलं, त्यांनी चार औषधं जेनेरिक, म्हणजे आतल्या औषधाच्या मूळ नावानं लिहून दिली. त्यातली दोन जनऔषधी केंद्रात मिळतात, तिथूनच घ्या, हे मॅडमनीच सांगितलं. स्वतःचं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवणारी दुकानदार मी तरी पेठेत दुसरी पाहिली नाही.

माझा घसा धरला तेव्हा मात्र मी चिडलो होतो. सेफिक्झिम हे अँटिबायोटिक मागितलं, मिळालं नाही. ते शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या सरकारी यादीतलं, चिठ्ठी लागते, आणि रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. मिठाच्या गुळण्या आणि पॅरासिटामॉल घेऊन घरी आलो. चार दिवसांत बरा झालो, हे कबूल करायला जड जातं.

जुलैत पंचगंगा चढायला लागली. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, हे इथे शेंबड्या पोराला पाठ असतं. 2019 ला रस्ते बंद पडले तेव्हा गोळ्यांसाठी झालेली पळापळ आम्ही पाहिलीय. यंदा पाणी इशाऱ्याकडे निघालं तसा मॅडमचा फोन आला: पंधरा दिवसांचं जास्तीचं नेऊन ठेवा. इन्शुलिनचं काय, लाईट गेली तर? चालू पेन बाहेर महिनाभर राहतं, ऊन नको. न उघडलेली फ्रिजमध्येच, पण बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलेलं इन्शुलिन टाकूनच द्यायचं. लाईट फारच लांबली तर एका मडक्यात दुसरं मडकं, मधे ओली वाळू, आत कोरड्या डब्यात पेनं. पाणी उतरलं, मडकी लागली नाहीत. त्यात आता आईनं मोगरा लावलाय.

एक गोष्ट अजून खटकते: आडोसा नाही. जे काय ते काउंटरवर, सगळ्यांदेखत. तुमची शुगर किती हे तुम्ही घरी पोचायच्या आत कट्ट्यावर पोचलेलं असतं. बायकोला काही विचारायचं होतं, ती तशीच परत आली. कोपऱ्यात एक पडदा आणि दोन खुर्च्या, एवढी जागा आहे तिथे.

आणि आईचा राग. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅकची गोळी ती आधीच्या दुकानातून बिनचिठ्ठीची आणायची. मॅडमनी नाही म्हणून सांगितलं. बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो, मलम लावा आणि डॉक्टरांना दाखवा. आई उखडली. "वीस वर्षं खातोय मी ही गोळी, काय झालंय मला?" (कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात, पुणेकरांनी हसू नये.) त्यानंतर आठवडाभर दुकानाचं नाव घरात काढायची सोय नव्हती.

दर तीन महिन्यांनी पिशवी तपासून घ्यायची हे आता ठरूनच गेलंय. गेल्या आठवड्यात पुन्हा उलटी केली, तर तळाशी कापडाच्या घडीत त्याच गोळीची अर्धी स्ट्रिप निघाली. मॅडमनी आईकडे पाहिलं. आई शेजारच्या भाजीवाल्याला दोडक्याचा भाव विचारायला लागली.