मुंबईचा अभिनयवर्ग की गावातली तालीम?

नववी-दहावीतल्या मुलाला अभिनय शिकू द्यायचा हे घरात एकदा मान्य झाले, की रत्नागिरीतील पालकासमोर बहुधा दोन वाटा उरतात. मे महिन्याच्या सुट्टीत मुलाला मुंबईत नातेवाइकांकडे ठेवून एखाद्या खासगी संस्थेचा अभ्यासक्रम करवून घ्यावा, किंवा गावातल्याच हौशी नाट्यसंस्थेत घालून वर्षभर तालमीला पाठवावे. आमच्या मुलीने दोन्ही केले आहे. तेव्हा पुढची मते एका घराच्या अनुभवावरची आहेत, हे धरूनच ती वाचावीत.

शिस्तीच्या बाबतीत मुंबईचा वर्ग निःसंशय उजवा होता. तास वेळेवर सुरू होत, आवाजाला आणि देहबोलीला वेगळे शिक्षक असत, आणि कॅमेऱ्यासमोर नजर कुठे ठेवायची यासारख्या गोष्टी, ज्या आमच्याकडे फारसे कोणी शिकवत नाही, त्या मुलीला तिथे पहिल्याच आठवड्यात कळल्या. गावात दिग्दर्शक दिवसभर नोकरी करून येतात, साडेसातची तालीम सवाआठला उभी राहते, सभागृह ऐनवेळी कुणाच्या तरी साखरपुड्याला दिलेले असते, आणि गणपती व शिमगा या दिवसांत तर तालमीचे नावही काढू नये. शुल्काची तुलना मी करीत नाही. ती कोणीही करू शकेल. फक्त पोर्टफोलिओच्या, म्हणजे काम मागताना दाखवायच्या, छायाचित्रांचा खर्च वेगळा आहे का, हे मुंबईत आधीच विचारून घ्यावे.

माझे मत ज्या एका गोष्टीने ठरले ती मात्र वेगळीच आहे. मुंबईच्या त्या वर्गात प्रत्येक मुलाला एक मोनोलॉग, म्हणजे एकाच पात्राचे सलग बोलणे, दिला जाई, आणि भिंतीवर चिकटवलेल्या पट्टीकडे पाहत तो एकट्याने म्हणायचा असे. बॅच मोठी, त्यामुळे मुलाची पाळी थोडा वेळ येई आणि उरलेला वेळ इतरांचे मोनोलॉग ऐकण्यात जाई. शेवटच्या दिवशी पालकांना जे दाखवले गेले, तेही एकामागून एक मोनोलॉगच होते. मुलीचे पाठांतर चोख होते, उच्चारही स्वच्छ झाले होते. परंतु समोरच्याचे वाक्य ऐकून त्यावर आपले वाक्य यावे लागते, ही अभिनयातली मूळ गोष्ट त्या सबंध अभ्यासक्रमात कुठे आलीच नाही. सगळ्याच संस्था अशा असतील असे मी म्हणणार नाही, तरी सुट्टीतल्या लहान मुदतीच्या वर्गांना मोनोलॉग सोयीचा पडत असावा असे वाटते.

गावातल्या तालमीत तिच्या हाती पहिल्यांदा आले ते सूप. तांदूळ पाखडता पाखडता शेजारणीशी भांडायचे, असा प्रवेश होता. शेजारीण झालेल्या मुलीला दिग्दर्शकांनी हळूच सांगून ठेवले होते, की मधले एक वाक्य गाळून टाक. आमची मुलगी आधी अडली, मग सूप तसेच हातात धरून शेजारणीच्या तोंडाकडे बघत राहिली आणि संहितेत नसलेलेच काहीतरी बोलली. दिग्दर्शकांनी ते वाक्य पुढे तसेच ठेवले. त्याच वर्षी राज्य बालनाट्य स्पर्धेत तिला भूमिका मिळाली नाही; विंगेत उभे राहून दुसऱ्यांच्या एन्ट्री सांभाळण्याचे काम मिळाले, आणि त्यातही ती पुष्कळ शिकली असे माझे निरीक्षण आहे.

कुडाळ-सावंतवाडीकडच्या पालकांना दशावतार या तिथल्या लोकनाट्याचा आणखी एक पर्याय आहे. तिथे लिहिलेले संवाद नसतात. कथानक ठरवून नट रंगमंचावरच बोलणे रचतात, त्यामुळे ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही. मात्र परंपरेने त्यातील स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत आले असल्याने मुलीसाठी ती वाट सहज खुली होईल असे गृहीत धरू नये.

मुंबईला पाठवले नाही तर मूल मागे पडेल, ही भीतीही मला अनाठायी वाटते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या अभिनय अभ्यासक्रमाला पदवीनंतरच प्रवेश मिळतो, आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालय तर पदवीबरोबर प्रत्यक्ष नाट्यप्रयोगांत काम केल्याचा अनुभवही मागते. तो अनुभव सुट्टीतल्या प्रमाणपत्राने मिळत नाही. हौशी नाटकाने मिळतो. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचा रस्ताही बारावीनंतरचाच आहे.

मुलाचा ओढा मालिका आणि जाहिराती यांकडेच असेल, किंवा अकरावीला ते मुंबईत जाणारच असेल, तर तिथला वर्ग अवश्य पाहावा. पण पैसे भरण्यापूर्वी एक पूर्ण तास मागे बसून पाहण्याची परवानगी मागावी आणि दोन मुले समोरासमोर उभी राहून किती वेळ काम करतात तेवढेच बघावे. गावातल्या संस्थेत जायचे असेल तर चौकशी गणपतीपूर्वी करावी, कारण स्पर्धेच्या नाटकाचे वाचन सणानंतर लगेच सुरू होते आणि एकदा पात्रे ठरली की नव्या मुलाला त्या वर्षी जागा मिळणे कठीण जाते.