एस्टीमचा डेल्को काढला, त्याला नऊ महिने झाले

डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा. गाडी कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती एस्टीम, १२९८ सीसीचं जी१३ इंजिन. हेड घासून कॉम्प्रेशन साडेदहाच्या आसपास नेलेलं, कॅम बदललेला, दोन वेबर ४० डीसीओई कार्ब्युरेटर. वर्षातून तीन-चारदा ऑटोक्रॉसची शर्यत, एरवी रविवारी कोल्हापूरहून आंबा घाटापर्यंत फेरी.

आधी माझा गाढवपणा सांगतो. ५५०० आरपीएमच्या वर मिसिंग व्हायचं, म्हणजे मध्येच ठिणगी चुकायची, म्हणून जास्त ताकदीचा कॉइल घेतला, मग इरिडियम प्लग. मिसिंग कमी झालं, पण गाडीच्या ओढीत फरक शून्य. पुढे एमएसडी ६एएल हा ठिणगी जोरदार करणारा बॉक्स घ्यायचं ठरवलं होतं. ३००० आरपीएमच्या खाली तो दर वेळी एकापाठोपाठ अनेक ठिणग्या टाकतो, त्याच्या वर एकच जबर. पैसेही बाजूला काढले होते. तेवढ्यात एका संध्याकाळी टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावून ४००० वर पुलीकडे बघत बसलो. खूण एका जागी थांबेचना, चार-पाच अंशांत थरथरत होती.

डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे त्याच्या शाफ्टला एक अंशाचा लूज असला, तर क्रँकवर दोन अंशांचा घोळ. ठिणगीची वेळ पुढेमागे करणारी आतली वजनं नि स्प्रिंगा तर गाडीच्याच वयाच्या. करंट कितीही जोरात पडू दे, तो कधी पडायचा हे या म्हाताऱ्याच्याच हातात राहणार असेल, तर बॉक्स घेऊन करू काय?

म्हणून ठिणगीची वेळ ठरवणारा छोटा कॉम्प्युटर, मेगाजोल्ट घेतला, सोबत डेल्कोशिवाय ठिणगी पाडणारं फोर्डचं जुनं ईडीआयएस मॉड्यूल आणि दोन कॉइलांचा, चार तोंडांचा कॉइलपॅक. यात १-४ आणि २-३ अशा सिलिंडरच्या जोड्यांना एकदम करंट मिळतो. ६५०० आरपीएमला एकट्या कॉइलला दोन ठिणग्यांच्या मध्ये पुन्हा भरायला जेमतेम ४.६ मिलिसेकंद मिळतात, दोन कॉइल असले की प्रत्येकाला ९.२. जुनं मिसिंग का होतं तेही यात आलं.

छत्तीस दातांचं, एक दात गाळलेलं चाक पुलीवर बसवायला उद्यमनगरात गेलो. गाळलेला दात सेन्सरसमोर येईल तेव्हा पहिला पिस्टन टीडीसीच्या, म्हणजे त्याच्या सर्वांत वरच्या जागेच्या, ९० अंश मागे हवा. लेथवाले काका चाक हातात फिरवत म्हणाले, "अर्ध्या दाताची चूक झाली की पाच अंश गेले बघा. घाई करू नका." दीड तास डायल गेज लावून चाकाचा वॉबल काढला. सगळ्या खर्चात वसूल झालेली मजुरी हीच.

पहिले दोन आठवडे मात्र रडलो. ४५०० ला इंजिन कोणीतरी किल्ली बंद केल्यासारखं तुटायचं. मी हौसेने तांब्याच्या, रेझिस्टन्स नसलेल्या प्लग वायरी घातल्या होत्या. त्यांचा नॉइज सेन्सरच्या वायरीत शिरत होता. रेझिस्टर वायरी, रेझिस्टर प्लग, सेन्सरला शील्डेड केबल आणि शील्डचं अर्थिंग एकाच टोकाला, एवढं केल्यावर तो प्रकार थांबला.

ट्यूनिंगची खरी मजा मेगाजोल्टच्या दहा बाय दहाच्या मॅपमध्ये आहे: कुठल्या आरपीएमला, कुठल्या लोडला किती अ‍ॅडव्हान्स, म्हणजे टीडीसीच्या किती अंश आधी ठिणगी, याचा तो तक्ता. दोन वेबर असताना व्हॅक्यूम नाचतो, म्हणून लोड थ्रॉटल पोझिशनवरून घेतला. फुल थ्रॉटलला ४५०० च्या आसपास २७ अंश. तिथे सिलिंडर सर्वांत चांगला भरतो, त्यामुळे अ‍ॅडव्हान्स कमी लागतो. पुढे ३० पर्यंत सोडलाय. अर्ध्या थ्रॉटलला सपाट रस्त्यावर ३८. नॉकिंग (ठिणगी फार लवकर पडली की होणारी टकटक) ऐकायला ब्लॉकला तांब्याची नळी ठोकून तिचं दुसरं टोक कानाच्या मफला जोडलं, घाटात मित्राला चालवायला दिली आणि मी ऐकत बसलो. टकटक आली की तिथून दोन अंश मागे. आयडलला मला सापडलेली गंमत म्हणजे ९०० ला १२ अंश आणि ७०० ला १८ ठेवायचे. आरपीएम पडायला लागला की वाढलेला अ‍ॅडव्हान्सच त्याला उचलून धरतो. चढ्या कॅमची ती कायमची भुकभुक आता सिग्नलवर जाणवत नाही.

डायनोवर नेलेली नाही, त्यामुळे हॉर्सपॉवरचे आकडे विचारू नका. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर पूर्वी दम खायची तिथे आता ओढते, एवढं छातीठोक सांगेन.

जुलैत मलकापूरच्या पुढे माझ्याच हातचं क्रिंप सुटलं आणि मेगाजोल्टचा सिग्नल गेला. ईडीआयएस अशा वेळी आपोआप १० अंशांवर अडकतं. गाडी बैलगाडीसारखी आणि सायलेन्सर तापून लाल, पण घरी आलो. डेल्कोचा रोटर फुटला असता तर टोचन लावून यावं लागलं असतं.

कुरबुरी आहेत. जोडीतल्या एका प्लगला करंट उलटा पडतो, त्यामुळे ५००० किलोमीटरनंतर दोन प्लगांची खालची पत्ती जास्त झिजलेली दिसली. इरिडियम काढून साधे प्लग घातले, ते लवकर बदलतो. मूळचा टॅकोमीटर चालायला वेगळी जोडणी करावी लागली. आणि डेल्कोच्या भोकावर बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणातून अजून ऑइल पाझरतं. तिसरी ओ-रिंग चालू आहे.