29 इंची म्हणून विकलेली जोडकामाची सायकल

इंदूरमध्ये गिअरच्या वापरलेल्या सायकली दुरुस्त करून विकणाऱ्या एका दुकानदाराने माझ्या धाकट्या भावाला 29 इंची म्हणून जी सायकल विकली, तिची फ्रेम तेवढी खरोखर 29 इंची चाकांसाठी बनवलेली होती. पुढचा चिमटा, म्हणजे शॉकरचा फोर्क, 27.5 इंची चाकाचा होता आणि त्यात 29 इंची चाक कसेबसे बसवलेले होते, मागे 27.5 इंची चाक घालून त्याची उणीव जाड टायरने झाकलेली होती. उरलेसुरले भाग एकत्र करून सायकल उभी करण्यात गैर काही नाही, आणि तसे सांगून ती बेताच्या किमतीत विकली असती तर आमची तक्रार नसती. येथे मात्र माप लपवण्यासाठी स्टिकर बदलले गेले, टायरवरची अक्षरे घासली गेली, विचारल्यावर धडधडीत खोटे सांगितले गेले आणि त्यापायी एका मुलाचे मनगट मोडले. म्हणून हा अनुभव तपशिलांसह लिहीत आहे.

माझा पुतण्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. राजेंद्रनगरमधली त्याच्या वयाची मुले रविवारी पहाटे रालामंडलपर्यंत आणि कधी खंडवा रस्त्याने सिमरोलच्या दिशेने सायकलने जातात. त्यांच्याबरोबर जाता यावे म्हणून त्याला शॉकर आणि डिस्क ब्रेक असलेली सायकल हवी होती. मुलगा उंच असल्यामुळे 29 इंचीच हवी, हे भावाने दुकानदाराला आधी तोंडी सांगितले आणि मग खात्रीसाठी मोबाइलवर लेखी विचारले. उत्तर आले, "फ्रेम, शॉकर, दोनों व्हील 29, सब कंपनी फिटिंग, आँख बंद करके ले जाओ." 16,500 रुपये रोख घेऊन त्याने जो चिटोरा दिला त्यावर "पुरानी साइकिल, 1 नग" एवढेच लिहिलेले होते. भावाने पक्के बिल मागितले तेव्हा जुन्या मालाचे बिल होत नाही, असे ठणकावून सांगण्यात आले.

सायकल घरी आल्यापासून दोन गोष्टी खटकत होत्या. वळण घेताना आतल्या बाजूचे पॅडल रस्त्याला घासत असे, आणि उतारावर हँडल गरजेपेक्षा जास्त चपळ वाटत असे. दुकानदाराला फोन केला की सवय होईल, असे उत्तर मिळे. पुढे एका रविवारी परतीच्या वाटेवर उतारावर पुढचे चाक खोल खड्ड्यात गेले, शॉकर पूर्ण दबला, चाक क्षणभर जागच्या जागी अडकले आणि पोरगा हँडलवरून पुढे फेकला गेला. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. उजव्या हाताला प्लास्टर चढले. त्याने पुढचा ब्रेक जोरात दाबला असेल, असे दुकानदाराने परस्पर ठरवून टाकले. पुतण्या मात्र पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगत होता, "काका, माझी बोटं पुढच्या ब्रेकवर नव्हतीच."

मी पीथमपूरच्या एका कारखान्यात वाहनांच्या सुट्या भागांची तपासणी करतो. व्हर्निअर आणि मोजपट्टी हे माझे रोजचे हत्यार असल्यामुळे सायकल ओसरीवर उलटी करून मी ती भाग भाग करून तपासली. मागच्या टायरच्या डाव्या बाजूला जेथे माप उठवलेले असते, तेथला रबर पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेला होता. उजव्या बाजूला, गिअरच्या चकत्यांच्या आड, अक्षरे शिल्लक होती, पण त्यांवर काळे पॉलिश इतके दाट फासलेले होते की ती दिसत नव्हती. खडू आडवा धरून त्या जागेवरून हलक्या हाताने फिरवला, तेव्हा उठावाच्या अक्षरांना तेवढी पांढरी भुकटी चिकटली आणि आकडे उमटले : 61-584. पुढच्या टायरवरचे आकडे घासलेले नव्हते, कारण तेथे लपवण्यासारखे काही नव्हते. ते होते 50-622.

या आकड्यांचा अर्थ सायकल घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा, कारण फसवणुकीची सगळी जागा नेमकी येथेच आहे. 26, 27.5, 29 हे चाकांचे इंच टायरसह येणाऱ्या बाहेरच्या व्यासाच्या अंदाजावरून पडलेले आहेत आणि ते मोजून कशालाही बरोबर जुळत नाहीत. आयएसओ 5775 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार टायरवर जे दोन आकडे असतात, त्यांतला पहिला टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर टायरची कड जेथे बसते तेथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये सांगतो. माउंटन सायकलच्या 26 इंची चाकासाठी तो व्यास 559, 27.5 इंचीसाठी 584 आणि 29 इंचीसाठी 622 असतो. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलींचे 700सी म्हणून ओळखले जाणारे चाकही 622चेच असते. इंचांवर विसंबले तर किती घोटाळा होतो, ते आपल्या जुन्या सायकलींवरूनही दिसते. दूधवाल्यांच्या काळ्या सायकलीचे 28 × 1½ चाक 635चे असते आणि साध्या लेडीज सायकलीचे 26 × 1⅜ चाक 590चे असते, म्हणजे नावाने 26 इंची असलेली ही रिम 27.5 इंची रिमपेक्षा मोठी भरते. ज्याला हे माहीत आहे तो दुकानदार इंचांत बोलतो आणि ज्याला माहीत नाही ते गिऱ्हाईक मान डोलावते.

आमच्या सायकलीत केलेली लबाडी या गणितावरच बेतलेली होती. 50-622 टायरचा बाहेरचा व्यास 622 अधिक दोनदा 50, म्हणजे 722 मिलिमीटर होतो. 61-584चा 584 अधिक दोनदा 61, म्हणजे 706 मिलिमीटर. दोन्ही चाकांच्या उंचीत जेमतेम दीड सेंटिमीटरचा फरक राहतो आणि सायकल स्टँडवर उभी असताना तो डोळ्यांना कळत नाही. मागे जाड टायर कशासाठी, असे भावाने विचारले होते, तेव्हा पकड चांगली मिळते असे त्याला सांगितले गेले. जाड टायरने पकड मिळते हे खरेच आहे, पण तो तेथे पकडीसाठी घातलेला नव्हता.

चिमट्याची गोष्ट याहून गंभीर आहे. त्याच्या पायावर 29 असा चकचकीत स्टिकर होता. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा देऊन तो सोलला, तेव्हा खाली कारखान्यातच छापलेला 27.5 हा आकडा निघाला. 27.5 इंची चिमटा तेवढाच दबणाऱ्या 29 इंची चिमट्यापेक्षा साधारण दोन सेंटिमीटर आखूड असतो. त्यात बारीक टायरचे 29 इंची चाक बसते, मोकळे फिरते आणि दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर काहीही अडत नाही. अडचण शॉकर पूर्ण दबल्यावर येते. चिमट्याचे दोन्ही पाय वर जेथे जोडलेले असतात त्या आडव्या भागाला मुकुट म्हणतात; शॉकर दबताना मुकुट खाली येतो आणि टायर त्याच्या जवळ जाते. हा चिमटा 100 मिलिमीटर दबणारा होता आणि टायरच्या माथ्यापासून मुकुटाच्या खालच्या कडेपर्यंत मोजलेले अंतर 96 मिलिमीटर भरले. म्हणजे शेवटच्या चार मिलिमीटरांत टायर मुकुटावर आदळणारच होते. मुकुटाच्या खाली आरसा धरून पाहिले, तर रंग खरवडलेला होता आणि त्यावर घासलेल्या रबराचा काळा पट्टा बसलेला होता. पुतण्याची बोटे ब्रेकवर नव्हती, ही गोष्ट तेथे स्पष्ट दिसत होती.

पॅडल घासणे आणि हँडल चपळ होणे यांचेही कारण हेच आहे. पुढचा भाग सुमारे दोन सेंटिमीटर आणि मागचा आठ मिलिमीटर खाली आल्यामुळे पॅडलांची धुरी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास खाली गेली आणि पुढची बाजू जास्त उतरल्याने हँडलच्या नळीचा कोन अर्ध्या अंशाहून थोडा अधिक उभा झाला. आकडे किरकोळ वाटतात, पण फ्रेम बनवणारा या मापांचा हिशेब चाक आणि चिमट्याची लांबी धरूनच करत असतो. त्यामुळे चाक, चिमटा आणि फ्रेम यांतली कोणतीही एक वस्तू बदलली की उरलेल्या दोघींचे गणित बिघडते.

अशी विजोड सायकल पूर्वी खपवणे अवघड होते. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या सायकलीत चाक लहान घातले तर ब्रेकचे रबर रिमला न लागता टायरला किंवा हवेतच दाबले जाई आणि चोरी जागेवर उघडी पडे. डिस्क ब्रेकमध्ये चकती हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, जोडलेली असते, तिला रिमच्या व्यासाशी कर्तव्य नसते, म्हणून 29च्या फ्रेममध्ये 27.5 काय, 26चेही चाक घातले तरी ब्रेक उत्तम लागतो. डिस्क ब्रेक ही चांगली सोय आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तिच्या आडून मापे बदलली जातात, हे मात्र गिऱ्हाइकाने लक्षात ठेवले पाहिजे.

मापे लिहिलेला कागद घेऊन आम्ही दोघे भाऊ दुकानात गेलो, तेव्हा दुकानदाराने आधी कानांवर हात ठेवले आणि मग पवित्रा बदलून सांगितले, "भाईसाहब, आजकल तो यही चल रहा है, आगे बड़ा पीछे छोटा." पुढे 29 आणि मागे 27.5 अशी रचना असलेल्या सायकली खरोखरच बनतात. पण त्यांची फ्रेम त्या रचनेसाठी आखलेली असते किंवा बदल करण्याची मुभा कंपनीने दिलेली असते, आणि पुढच्या 29 इंची चाकाला चिमटाही 29 इंचीच असतो. येथे 27.5च्या चिमट्यात 29चे चाक कोंबलेले होते, त्याचे समर्थन कोणत्याही फॅशनने होत नाही. आणि ही रचना मुद्दाम केली असेल तर टायरवरचा आकडा कोणी आणि का घासला, या प्रश्नावर त्याने विषय बदलला.

वापरलेली किंवा जोडकामाची सायकल घ्यायची असेल तर खडू आणि मोजपट्टी खिशात घेऊन जा. दोन्ही टायरांच्या दोन्ही बाजू पाहा आणि आकडा सापडत नसेल तर टायर उतरवून रिमवर छापलेला आकडा दाखवायला सांगा. टायरचा माथा ते मुकुट हे अंतर मोजा. ते शॉकरच्या दबण्याच्या लांबीपेक्षा निदान सहा ते दहा मिलिमीटर जास्त असले पाहिजे. हवेचा शॉकर असेल तर त्यातली हवा काढून तो पूर्ण दाबून पाहता येतो, स्प्रिंगच्या शॉकरमध्ये मोजमापावरच भिस्त ठेवावी लागते. चिमट्यावर अनुक्रमांक असेल तर त्याचे छायाचित्र घ्या, स्टिकरवर विश्वास ठेवू नका. हबची रुंदीही पाहायला हवी : क्विक रिलीजच्या, म्हणजे खटका उघडून चाक काढता येणाऱ्या, साध्या माउंटन सायकलीत पुढे 100 आणि मागे 135 मिलिमीटर असते, आरपार एक्सलच्या नव्या सायकलींत मागे 142 किंवा 148 असते, आणि वायसर घालून किंवा फ्रेम ताणून चाक बसवलेले दिसले तर ती सायकल तेथेच सोडावी. दुकानदार हे करू देत नसेल, तर त्याचे उत्तर मिळालेच आहे.

आमच्या हातात भक्कम पुरावा होता तो मोबाइलवरच्या त्या एका संदेशाचा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार वस्तूचा दर्जा किंवा मॉडेल याविषयी खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि विकलेल्या मालाचे बिल न देणे हीसुद्धा. माल जुना असला तरी विकणारा व्यापारी असेल तर तो यातून सुटत नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि संदेश, छायाचित्रे व मापे जोडून दुकानदाराला लेखी नोटीस दिली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे नोटिशीत वाचल्यावर त्याचा सूर उतरला. त्याने 12,000 रुपये परत करून सायकल ठेवून घेतली. उरलेले पैसे आणि दवाखान्याचा खर्च त्याने दिला नाही. मुलाची परीक्षा तोंडावर असल्याने भावाने तेवढ्यावर प्रकरण थांबवले. मी त्याच्या जागी असतो तर थांबलो नसतो.

आता पुतण्याच्या एका मित्राने कळवले आहे की तीच सायकल त्याच दुकानात पुन्हा विक्रीला उभी आहे, चिमट्यावर 29चा नवा स्टिकर आहे आणि सांगितली जाणारी किंमत 18,000 रुपये आहे. फ्रेम मंद काळ्या रंगाची आहे आणि तिच्या मागच्या डाव्या खालच्या नळीवर नखाएवढा पोचा आहे. नव्या स्टिकरचे छायाचित्र आम्ही जुन्या तक्रारीला जोडले आहे. इंदूरमध्ये कोणाला अशी सायकल दाखवली गेली, तर तिच्यावर बसण्याआधी मुकुटाखाली आरसा धरून पाहावे. तो काळा पट्टा पुसून टाकला असला तरी खरवडलेला रंग परत आलेला नसेल.