अनडिफाइन्ड व्हेरिएबल: वॉर्निंग दाबायची, तपासायची की आधीच किंमत द्यायची?

होस्टिंगवर पीएचपी (वेबसाइटच्या सर्व्हरवर चालणारी भाषा) 7 जाऊन 8 आलं की जुन्या स्क्रिप्टमधले दडलेले घोळ वर येतात. किंमत न दिलेलं व्हेरिएबल वापरलं तर पूर्वी नुसती नोटीस यायची; 2020 च्या 8.0 पासून वॉर्निंग येते. पीएचपी 9 मध्ये तिची थेट एरर करण्याचा प्रस्तावही मंजूर झालेला आहे. म्हणजे हात घालावा लागणारच, फक्त मार्ग ठरवायचा.

उदाहरणाला देवगडच्या एखाद्या बागायतदाराचा ऑर्डर फॉर्म घेऊ. त्यात नाव, हापूसच्या पेट्या, पायरीच्या पेट्या आणि 'घरपोच हवं' हा चेकबॉक्स. फॉर्म पाठवल्यावर पोस्ट पद्धतीने सर्व्हरकडे आलेली माहिती `$फॉर्म` मध्ये आहे असं धरू. देवनागरी नावं पीएचपीला चालतात.

वॉर्निंग दाबण्यासाठी ओळीपुढे `@` लावणं सर्वांत सोपं आणि सर्वांत वाईट. मूळ दुखणं तसंच राहतं, वर पुढे त्या ओळीत नवं काही बिघडलं तर तेही कळत नाही. चालू साइटवर एरर पडद्यावर दाखवणं बंद ठेवणं ही मात्र वेगळी आणि योग्य गोष्ट. वॉर्निंगमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता असतो, शिवाय तो मजकूर आधी छापला गेला तर 'ऑर्डर मिळाली' पानाकडे नेणारा हेडर (ब्राउझरला दिलेली सूचना) अडकू शकतो. दाखवणं बंद, लॉग (फाइलमध्ये नोंद) चालू, असं ठेवा.

`इससेट` (isset) आणि `??` यांचं काम जवळपास एकच: किंमत आहे का ते पाहणं; `??` ती नसेल तर पुढे लिहिलेली पर्यायी किंमत घेतं. `??` 2015 च्या 7.0 पासून आहे आणि एका ओळीत भागतं. चेकबॉक्सला हेच हवं, कारण टिक नसेल तर ब्राउझर ते नाव पाठवतच नाही:

`$घरपोच = $फॉर्म['घरपोच'] ?? 'नको';`

इथे 'नको' हे खरं उत्तर आहे. `इससेट` मी 'फॉर्म भरून आलाय का' अशा हो-नाहीच्या प्रश्नापुरतं ठेवेन. रिकामं आहे का ते पाहणारं `एम्प्टी` (empty) जपून वापरा. गिऱ्हाइकाने पायरीच्या रकान्यात 0 लिहिलं तरी `एम्प्टी` त्या 0 ला रिकामंच समजतं आणि भरलेला फॉर्म परत फिरतो.

पण `??` चा मोह पैशांच्या ओळीत घात करतो. समजा हिशेबात `$दर` ऐवजी `$दार` टाइप झालं. वॉर्निंग आली, कुणीतरी घाईत लिहिलं:

`$रक्कम = $पेट्या * ($दार ?? 0);`

वॉर्निंग गेली, बिल शून्य रुपयांचंच राहिलं आणि चूक सांगणारी एकमेव खूण पुसली गेली. फक्त एक काना जास्त पडला होता! बाहेरून येणाऱ्या माहितीला `??` चालेल, आपणच तयार केलेल्या व्हेरिएबलला ते लावावंसं वाटलं तर आधी स्पेलिंग तपासा.

आपल्या व्हेरिएबलसाठी सुरुवातीलाच किंमत देणं मला सर्वांत भरवशाचं वाटतं. सूट फक्त दहापेक्षा जास्त पेट्यांना आणि `$सूट` त्या अटीच्या इफच्या आतच जन्माला येत असेल, तर इफच्या वर `$सूट = 0;` लिहा. इन्क्लूड केलेल्या फाइलमधली त्याच नावाची जुनी किंमतही मग हिशेबात शिरत नाही.

यातलं काहीही आलेली माहिती खरी आहे का ते तपासत नाही. पेट्या उणे पाच आल्या तर `??` त्या तशाच पुढे सोडतं. आकडा `फिल्टर_व्हार` (filter_var) ने किमान मर्यादा घालून तपासा, नाव पानावर छापताना `एचटीएमएलस्पेशलचार्स` (htmlspecialchars) मधून काढा, म्हणजे त्यातली चिन्हं एचटीएमएल कोड म्हणून चालत नाहीत.

स्क्रिप्ट मोठी असेल तर आधी पीएचपीस्टॅन (PHPStan) हा कोड तपासणारा प्रोग्राम चालवा. कोड न चालवता तो पातळी 0 वरच `$दार` सारखी कुठेच किंमत न मिळालेली नावं पकडतो, आणि पातळी 1 वर `$सूट` सारखी कधी असणारी, कधी नसणारी. रकमेच्या ओळी पहिल्या घ्या, चेकबॉक्स नंतर. आणि हे काम पावसाळ्यात उरका, ऐन एप्रिल-मे महिन्यात ऑर्डरी येत असताना चालू फॉर्मला हात लावू नका.