आजोबांची गोष्ट, 1942चा कागद आणि जर्मन बिल्ला

दुसऱ्या महायुद्धातली पदकं आणि बिल्ले जमवणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितोय. मला 42 हजारांना गंडा घालणारा माणूस अजून नवी गिऱ्हाइकं शोधतोय.

वस्तू होती शत्रूचा रणगाडा एकट्याने नष्ट करणाऱ्या जर्मन सैनिकाला मिळणारा बिल्ला. चंदेरी फीत, मधोमध काळसर रणगाडा, उजव्या बाहीवर दंडाशी शिवायचा. हा बिल्ला 9 मार्च 1942 रोजी सुरू झाला आणि 22 जून 1941पासूनची कामगिरी त्यात धरली गेली. एका रणगाड्याला एक बिल्ला. पाच झाले की सोनेरी, पण ती श्रेणी आली डिसेंबर 1943मध्ये. रणगाडाविरोधी तोफेवरच्या माणसांना तो मिळत नसे. हातबॉम्बची मोळी, चुंबकाने पत्र्याला चिकटणारं स्फोटक, सुरुंग असलं काहीतरी घेऊन रणगाड्याच्या अगदी जवळ जावं लागे. म्हणून त्याला संग्राहकांत इतकी किंमत आहे, आणि म्हणूनच नकलांचा सुळसुळाट.

विक्रेत्याने सांगितलं, आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत सेनिओ नदीकाठी एका जर्मन कैद्याकडून त्यांनी हा घेतला. ऐकायला यात खोटं काहीच नाही. एप्रिल 1945मध्ये मराठा पलटण तिथे लढलीच होती. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच नदीवरच्या लढाईसाठी. वर्दीतल्या म्हाताऱ्या माणसाचा जुना फोटोही त्याने पाठवला. आपल्याकडे गावोगावी फौजेतली घरं आहेत, अशा घरातल्या माणसाला पुरावा मागायला जीभ रेटत नाही. त्याने नेमकं हेच हेरलेलं असतं. पैसे आधी, कुरिअर नंतर.

सोबत बिल्ला दिल्याचा टाइप केलेला जर्मन कागद होता. विक्रीआधीच्या फोटोत त्याचा खालचा भाग घडीखाली गेलेला. पाकीट उघडल्यावर तो वाचता आला: ऑगस्ट 1942, रशियातल्या व्होरोनेझजवळ, शस्त्र पान्झरफाउस्ट, म्हणजे एकदाच डागून टाकून द्यायचं रणगाडाविरोधी हत्यार. इथेच सगळं उघडं पडलं. पान्झरफाउस्ट आघाडीवर पोचलं 1943च्या उत्तरार्धात. खांद्यावरून डागायचं 88 मिलिमीटरचं पान्झरश्रेकही 1943चंच. 1942च्या उन्हाळ्यात त्या शिपायाच्या हाती ते असणं शक्यच नव्हतं. म्हणून कागद मिळाला की आधी हत्यार आणि तारीख जुळतात का ते बघा. सोनेरी बिल्ल्याच्या कागदावर बिल्ला दिल्याची तारीख 1943च्या उन्हाळ्यातली असेल तरी तो बनावटच.

मग बिल्ला भिंगाखाली घेतला. अस्सल बिल्ल्यावरचा रणगाडा पातळ पत्र्यावर ठसा मारून काढलेला असतो, त्यामुळे मागून पोकळ, आणि त्याच्या पाकळ्या फितीतून मागे वळवलेल्या असतात. माझ्याकडचा भरीव ओतीव निघाला. चाकांच्या कडा गोलसर झालेल्या आणि पृष्ठभागावर ओतकामात राहतात तशी हवेची बारीक भोकं. नोटा तपासायच्या यूव्ही दिव्याखाली शिवणीचा दोरा निळसर पांढरा चमकला. कापडात अशी चमक आणणारी रसायनं सर्रास वापरात आली ती युद्धानंतर. मात्र जुनं कापड आजच्या साबणाने धुतलं तरी चमकतं, तेव्हा एकट्या दिव्यावर निकाल देऊ नका.

आणखी एक. पश्चिम जर्मनीने 1957मध्ये कायदा करून स्वस्तिक काढलेली युद्धकाळातली पदकं वापरायला परवानगी दिली, म्हणून ती नव्याने बनू लागली. या बिल्ल्यावर मुळातच स्वस्तिक नाही, त्यामुळे नंतर बनलेले नग आणि युद्धातले नग चटकन वेगळे कळत नाहीत. प्रामाणिक विक्रेता हे आपणहून सांगतो आणि किंमतही तशीच लावतो.

मी पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं, 'तुम्ही माझ्या आजोबांचा अपमान करताय.' त्यानंतर नंबर बंद. 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त, म्हणून बिल्ला खरा की खोटा हा वाद घालत बसू नका, आधी फोन करा. चॅट, पैसे पाठवल्याची पावती, कुरिअरचं पाकीट, सगळं जपून ठेवा.

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या संग्राहकाला तोच कागद दाखवण्यात आला. शिपायाचं नाव बदललंय, आजोबा आता महार रेजिमेंटचे झालेत, पण शाईचा डाग उजव्या कोपऱ्यात तिथेच आहे आणि घडीही तशीच. कुणी तुम्हाला असा कागद दाखवला तर घडी उलगडून पूर्ण फोटो मागा.