१६ मिमी मल्टिवॉल पॉलिकार्बोनेट: कलादालनाच्या जोडमार्गावर उत्तम, चित्रांवर नको

जुन्या चिरेबंदी इमारतीला नवं कलादालन जोडायचं असेल, तर मधल्या मार्गाच्या छताला आम्ही हाच पत्रा सुचवतो, म्हणजे आत पोकळ नळ्यांच्या रांगा असलेला, उजेड आत सोडणारा प्लॅस्टिकचा पत्रा. कारण वजन. चौरस मीटरला जेमतेम पावणेतीन किलो. ६+६ मिमीची लॅमिनेटेड (दोन थर चिकटवलेली) काच तीस किलोवर जाते. चुन्यात बांधलेल्या जांभ्याच्या भिंतीत अँकर ठोकला की चिऱ्याचा भुगा होतो. छत हलकं असलं की सगळा भार नव्या बाजूच्या स्टीलवर घेता येतो आणि जुन्या भिंतीला हात लावावा लागत नाही. जुन्या भिंतीकडे फट सोडायची, वरून फ्लॅशिंग, म्हणजे पाणी आत जाऊ न देणारी पत्र्याची झाकपट्टी. आमचं बेळगाव भूकंपाच्या मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येतं, त्यामुळे फटीचं माप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या, आणि गवंड्याला ती सिमेंटने बुजवू देऊ नका.

वळवाच्या गारांना हा पत्रा दाद देत नाही. त्याचं नुकसान होतं ते बसवताना. ६ मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकाला सुमारे १५ मिमी लांबतो. स्क्रूच्या मापाचंच भोक पाडलं तर उन्हात तो फुगतो, कडकड वाजतो आणि भोकापासून चीर धावते. भोक सैल ठेवा, ईपीडीएम रबराचा वॉशर घाला, स्क्रू करकचून आवळू नका. अतिनील किरण अडवणारा थर बहुधा एकाच बाजूला असतो. छापील फिल्मची बाजू वर हवी, नाहीतर पत्रा पिवळा पडून ठिसूळ होतो. नळ्या उताराच्या दिशेने. उतार किमान ५ अंश चालतो म्हणतात. इथल्या जुलैसाठी १० धरा. वरचं तोंड ॲल्युमिनियम टेपने बंद, खालचं छिद्रांच्या टेपने. दोन्हीकडे साधी टेप मारली की नळ्यांत पाणी साचतं आणि शेवाळ धरतं. सांध्यांना भरायचं सिलिकॉन न्यूट्रलच (आम्ल न सोडणारं), आंबट वासाचं नको.

पावसाचा आवाज मात्र फार. जोडमार्गात व्याख्यान ठेवू नका.

चित्रांच्या दालनावर हा पत्रा अजिबात नको. अतिनील किरण तो जवळपास सगळे अडवतो, पण रंग उडवायला दिसणारा उजेडही पुरतो. जलरंगाला ५० लक्स (उजेड मोजण्याचं एकक), तैलरंगाला २०० ही मर्यादा. भर दुपारी बाहेर लाखभर लक्स असतात आणि दुधी पत्र्याखालीही हजारो उरतात. चित्रकार के. बी. कुलकर्णी, रवी परांजपे यांच्या गावात कागदावरची कामं अशा छताखाली टांगणं अक्षम्य आहे. तिथे पक्कं छत आणि एलईडी. जोडमार्गात दगडाची, ब्राँझची शिल्पं खुशाल मांडा.