स्मार्ट वजनकाटा आठ महिने वापरला, मसलचा आकडा कितपत खरा?

सेलमध्ये अठराशेला घेतला, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण या रेंजमधल्या सगळ्यांची पद्धत साधारण एकच. वजनाला चोख आहे, दहा किलोची तांदळाची पिशवी घेऊन आणि न घेता उभी राहिले, फरक बरोब्बर दहा. पण मी तो वजनासाठी घेतलाच नव्हता, मला मसल बघायचे होते.

का, तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांचं एक उदाहरण वाचलं होतं, २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलेलं. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सेम टु सेम २२.३, पण चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! म्हणजे आपण भारतीय बारीक दिसतो पण आत चरबी जास्त न मसल कमी. आणि आमच्याकडे तर घरोघरी शुगर. जेवणानंतरची साखर उचलून साठवून ठेवायचं मोठं काम हातापायाचे न पाठीचे स्नायूच करतात, ते कमी असले की ती जाणार कुठे?

पहिल्या दिवशी अ‍ॅप म्हणालं मसल मास ४०.६ किलो. माझं वजन ६४, म्हणलं वा, मी तर पैलवान निघाले! मग खाली एका कोपऱ्यात दिसलं, स्केलेटल मसल (हाडांना जोडलेले, हालचाल करणारे स्नायू) ३४.२ टक्के, म्हणजे जेमतेम २२ किलो. हा घोळ नीट समजून घ्या. वरच्या आकड्यात चरबी आणि हाडं सोडून बाकी बहुतेक सगळं येतं, आतडी, लिव्हर, पाणी, सगळं. आपल्याला हवा तो खालचा आकडा. एमआरआयने मोजलेल्या एका मोठ्या अभ्यासात बायकांची सरासरी ३१ टक्क्यांच्या आसपास आणि पुरुषांची ३८ होती, म्हणजे मी ठीकठाक, पैलवान वगैरे काही नाही.

आणि खालचा आकडाही काटा मोजत नाही बरं का, अंदाज करतो. तळपायातून बारीकसा करंट एका पायातून वर जाऊन दुसऱ्यातून खाली येतो, मसलमध्ये पाणी भरपूर म्हणून तिथून तो सहज जातो, चरबीतून अडतो, त्यावरून हिशोब. हात, छाती, पाठ यांचं काय, तर उंची, वय, लिंग बघून ठोकताळा. मी गंमत म्हणून अ‍ॅपमध्ये वय ४७ चं २७ केलं, तर दोन मिनिटांत मसल वाढले न चरबी घटली, इतकं स्वस्त तारुण्य कुठे मिळतं! रात्री पावभाजी खाल्ली की सकाळी वेगळं, अंघोळीनंतर ओल्या पायांनी वेगळं. म्हणून रोज बघणं सोडलं, आता रविवारी सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी, महिन्याचे चार आकडे मिळून कुठे चाललेत तेवढंच बघते. तसं वापरलं तर उपयोगी आहे. डेक्सा स्कॅनची (एक्स-रेने चरबी, मसल, हाडं वेगवेगळी मोजतात तो) बरोबरी करायला जाऊ नका. पेसमेकर असलेल्यांनी तर अजिबात चढू नका, बॉक्सवर ते अगदी बारीक अक्षरात लिहिलंय, मोठं लिहायला काय झालं होतं?

खरी कामाची गोष्ट मात्र काट्याने नाही, शिवणाच्या डब्यातल्या टेपने सांगितली. आशियाई लोकांसाठी २०१९ चे निकष आहेत, पोटरीचा घेर बायकांचा ३३ सेंटिमीटरच्या खाली, पुरुषांचा ३४ च्या खाली असेल तर स्नायू झिजल्याची शंका घ्यायची. आणि खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला-बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तरी तेच. आईची पोटरी भरली ३१, वय ७४, आणि खुर्चीला १७ सेकंद. वजन मात्र वर्षानुवर्षं तेच, म्हणून आम्ही सगळे निवांत होतो. डॉक्टरांना दाखवलं, आता फिजिओच्या सांगण्यावरून खुर्चीचा व्यायाम न रोज दोन वेळा वरण-उसळ-दही असं चालू आहे.

तर वजनाला पाच स्टार, मसलला अडीच, अ‍ॅपला एकच कारण दर दोन दिवसांनी प्रोटीन पावडर घ्या म्हणून मागे लागतं. आई १४ सेकंदांवर आलीय. काट्यावर चढायला मात्र अजून तयार नाही, म्हणते, "काचेवर पाय ठेवायला सांगतेस होय गं, फुटली म्हणजे?"